तापात येणारी फिट घराण्यातून येते का? धाकटीची काळजी वाटतेय

चांदणवेल:
नमस्कार. बरेच महिने नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा मुलगा आता ३ वर्षांचा आहे. १४ महिन्यांचा असताना त्याला पहिली फिट आली. ताप आहे हे आम्हाला माहीतसुद्धा नव्हतं. दुपारी झोपून उठला, मी कडेवर घेतलं, तेव्हा मान जरा गरम लागली. थर्मामीटर आणायला वळले तोच त्याचं अंग ताठ झालं. डोळे वर गेले, दातखीळ बसली आणि दोन्ही हात एकाच तालात उडायला लागले. ओठांचा रंग बदलताना मी पाहिलाय, तो अजून डोळ्यांपुढून जात नाही. पुढे फोनमधल्या कॉलच्या वेळा पाहिल्या तेव्हा कळलं, सगळं मिळून दोन मिनिटंही झाली नव्हती. त्यानंतर आणखी दोनदा आली, दोन्ही वेळा तापाच्या पहिल्याच दिवशी.

डॉक्टरांनी विचारलं होतं, "आईवडिलांपैकी कुणाला लहानपणी असं व्हायचं का?" आम्ही दोघांनीही नाही म्हणून सांगितलं. घरी मात्र त्या प्रश्नाने वेगळंच वळण घेतलं. "आमच्याकडे असलं कुणालाच नाही" हे मी दीड वर्ष ऐकतेय. पुढचं वाक्य कुणी बोलत नाही, पण मला ते ऐकू येतं.

आता धाकटी ५ महिन्यांची आहे. सहाव्या महिन्यापासून हे सुरू होऊ शकतं असं वाचलं आणि तेव्हापासून रात्री दोन-दोनदा उठून तिचं कपाळ चाचपते. हे खरंच आनुवंशिक असतं का? तिला येण्याची शक्यता किती? आणि जनुकीय तपासणी करून घ्यावी का? ज्यांनी हे पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

कंदील:
तुझं वर्णन वाचताना हात गार पडले. माझ्या मुलीचं अगदी असंच झालं होतं. आता ती ९ वर्षांची आहे, शेवटची फिट चौथ्या वर्षी आली. एवढंच आधी सांगते, बाकी सविस्तर रात्री लिहीन.

पायवाट:
आनुवंशिक नसतं हो. ताप डोक्यात चढला की येते. दर चार तासांनी पॅरासिटामॉल देत राहायचं, ताप वाढूच द्यायचा नाही, मग काही होत नाही. आम्ही तेच केलं आणि मुलाला पुन्हा कधी आली नाही.

शिंपला:
माझी जुळी मुलं आहेत, एकसारखी. शाळेत शिक्षकांनाही ओळखू येत नाहीत. एकाला तापात दोनदा फिट आली, दुसऱ्याला एकदाही नाही. दोघं एकाच खोलीत, एकाच वेळी आजारी, तापही दुसऱ्यालाच जास्त होता! त्यामुळे जनुकांचा संबंध असेल असं मला वाटत नाही. असता तर दोघांनाही आली असती ना?

स्टेथो:
मी बालरोगतज्ज्ञ आहे. दवाखान्यात हा प्रश्न इतक्या वेळा येतो की जरा लांबलचक लिहितो.

चांदणवेल, आधी तुमच्या मुलाबद्दल. अंगाच्या दोन्ही बाजू हलणं, १५ मिनिटांच्या आत थांबणं, २४ तासांत एकदाच येणं, याला आम्ही साधी तापाची फिट म्हणतो. सहा महिने ते पाच वर्षं या वयातल्या साधारण २ ते ५ टक्के मुलांना तापाची फिट येते. जपानमध्ये हे प्रमाण याहून जास्त आढळतं. एकाच बाजूला येणारी, १५ मिनिटांपेक्षा लांबणारी किंवा त्याच दिवशी पुन्हा येणारी फिट गुंतागुंतीची धरतात आणि तिच्याकडे जास्त बारकाईने बघावं लागतं.

आता आनुवंशिकता. हो, ती आहे. अशा मुलांपैकी साधारण २५ ते ४० टक्के मुलांच्या जवळच्या नात्यात कुणाला तरी लहानपणी हेच झालेलं असतं. एका मुलाला आली असेल तर सख्ख्या भावंडाला येण्याची शक्यता १० ते २० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे इतर मुलांपेक्षा जास्त, हे खरं. पण तुमच्यासारख्या दहा घरांचा विचार केला तर आठ-नऊ घरांत धाकट्याला काहीच होत नाही. मी हे आईवडिलांना याच शब्दांत सांगतो, कारण "जास्त धोका" एवढं ऐकून माणूस झोप गमावतो.

शिंपला, तुमच्या जुळ्यांची गोष्ट फार मोलाची आहे. एकसारख्या जुळ्यांत दोघांनाही फिट येण्याचं प्रमाण वेगळ्या जुळ्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त आढळतं, म्हणून जनुकांचा हात आहे हे कळतं. पण ते शंभर टक्के नसतं, म्हणून केवळ जनुकंच नाहीत हेही कळतं. कोणता विषाणू, कोणत्या वयात, ताप किती झपाट्याने चढला, हे सगळं जुळून यावं लागतं.

पायवाट, तुमच्या मुलाला पुन्हा आली नाही याचा आनंद आहे. पण साधारण तीनपैकी दोन मुलांना ती आयुष्यात एकदाच येते, औषध दिलं तरी आणि नाही दिलं तरी. तापाचं औषध नेमाने देऊन पुढची फिट टळते का, यावर अनेक चाचण्या झाल्या आणि टळते असं सिद्ध झालं नाही. ते औषध मुलाला बरं वाटावं म्हणून द्यायचं. हे ठासून सांगतो कारण फिट आली की आई म्हणते, "डोस द्यायला अर्धा तास उशीर झाला, माझ्यामुळे झालं." तुमच्यामुळे झालेलं नसतं.

पायवाट:
डॉक्टरसाहेब, वाचलं. मान्य करायला जड जातंय. रात्री गजर लावून उठलोय मी, महिनोन्‌महिने.

स्टेथो:
@पायवाट, त्या उठण्याने मुलाला ताप असताना आराम मिळाला. ते वाया गेलं नाही.

चांदणवेल:
डॉक्टर, "ताप आहे हे कळण्याआधीच फिट" असं आमच्याकडे दोनदा झालं. हे नेहमीचं आहे का? मला वाटायचं माझं लक्ष नव्हतं.

स्टेथो:
अगदी नेहमीचं. कित्येक मुलांत ताप आल्याची पहिली खूण फिट हीच असते. आणि ज्यांना कमी तापातच, ताप सुरू होऊन तासाभराच्या आत फिट येते, त्यांना ती पुन्हा येण्याची शक्यता थोडी जास्त असते. पहिली फिट दीड वर्षाच्या आत आली असेल किंवा आईवडील-भावंडांत कुणाला झालेली असेल, तरीही तसंच. म्हणूनच तुमच्या डॉक्टरांनी घराण्याचं विचारलं. दोष शोधायला नव्हे, पुढचा अंदाज बांधायला.

कंदील:
आता सविस्तर. आमच्याकडे माझी आई म्हणाली होती, "तुझ्या मामाला व्हायचं असं, पण आम्ही कुणापाशी बोललो नाही." मामा आज ६१ वर्षांचे आहेत, अजून रोज पोहतात. पण हे कळायला माझ्या मुलीला फिट यावी लागली. आधी माहीत असतं तर निदान त्या दिवशी मी मुलीच्या तोंडात चमचा घातला नसता. दात हलला तिचा. तो प्रसंग आठवला की आजही पोटात कालवतं.

सर्व नव्या आईबाबांसाठी: तोंडात काहीही घालू नका, बोट नाही, चमचा नाही, पाणी नाही. कुशीवर वळवा, आजूबाजूचं टोकदार काही असेल ते हलवा, हातपाय दाबून धरू नका आणि घड्याळ बघा.

दुहेरी_सर्पिल:
मी जनुकीय प्रयोगशाळेत काम करते, डॉक्टर नाही. "कोणतं जनुक" याबद्दल थोडं लिहिते, कारण यात गेल्या पंचवीसेक वर्षांत फार सुंदर काम झालंय.

१९९७ साली ऑस्ट्रेलियात इंग्रिड शेफर आणि सॅम्युएल बर्कोविक यांनी एका मोठ्या कुटुंबाच्या अनेक पिढ्यांची माहिती गोळा केली. एका घराण्यात कुणाला फक्त लहानपणी तापात फिट, कुणाला सहा वर्षांनंतरही तापातल्या फिट सुरूच, कुणाला तापाशिवायही, तर कुणाला अवघड अपस्मार. वरवर वेगवेगळे वाटणारे हे आजार एकाच वारशाची रूपं असू शकतात हे त्यांनी दाखवलं. या प्रकाराला "जेफ्स प्लस" म्हणतात. १९९८ मध्ये त्याचं पहिलं जनुक सापडलं, एससीएन१बी. २००० मध्ये एससीएन१ए आणि २००१ मध्ये जीएबीआरजी२.

ही जनुकं करतात काय? एससीएन१ए हे मज्जापेशींच्या आवरणातल्या सोडियमच्या दारांपैकी एका दाराचा आराखडा आहे. हे दार मेंदूतल्या ब्रेक लावणाऱ्या पेशींना विशेष लागतं. दार नीट चाललं नाही तर ब्रेक सैल पडतात. जीएबीआरजी२ हे ब्रेकचा संदेश स्वीकारणाऱ्या ग्राहकाचा (रिसेप्टरचा) एक भाग बनवतं. २००६ साली प्रयोगशाळेत असं दिसलं की या जनुकातले काही बदल असलेल्या पेशी ३७ अंशांना बऱ्यापैकी सांभाळून घेतात, पण तापमान ४० अंशांवर नेलं की थोड्याच वेळात त्यांच्या पृष्ठभागावरचे हे ग्राहक कमी होतात. तापातच का आणि एरवी का नाही, या कोड्याचा एक तुकडा तिथे जुळला. तो शोधनिबंध मी पहिल्यांदा वाचला त्या दिवशी घरी जाईपर्यंत दुसरं काही डोक्यात नव्हतं.

पण एक बोट ठेवून सांगते: बहुतेक मुलांत असं एकच बिघडलेलं जनुक नसतं. अनेक जनुकांतले छोटे छोटे फरक, प्रत्येकाचा वाटा किंचित, आणि ते आईकडून आणि वडिलांकडून दोन्हीकडून आलेले. डेन्मार्कमध्ये २०२२ साली तापात फिट आलेल्या साडेसात हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दोन प्रकारची जनुकं पुढे आली. काही मज्जापेशी किती लवकर उत्तेजित होतात याच्याशी संबंधित, आणि काही ताप कसा चढतो, शरीर दाहाला कसं उत्तर देतं याच्याशी. म्हणजे वारसा मेंदूचाही आहे आणि तापाचाही.

चांदणवेल, म्हणून "कुणाकडून आलं" या प्रश्नाला बहुतेक घरांत उत्तर नसतं. पत्त्यांच्या दोन जोडांतून पानं एकत्र येतात.

शिंपला:
"वारसा मेंदूचाही आणि तापाचाही" हे आज पहिल्यांदा समजलं. माझ्या दोघांचं कोडं अजून पूर्ण सुटलं नाही, पण "जनुकांचा संबंध नाही" हे माझं वाक्य मागे घेते.

निरंजनी:
माझा प्रश्न जरा वेगळा आहे आणि कृपया अंगावर येऊ नका. माझ्या भाच्याला लसीनंतर ताप आला आणि त्याच रात्री फिट आली. तेव्हापासून बहिणीने पुढच्या सगळ्या लसी थांबवल्या आहेत. तिचं म्हणणं, लस दिली नसती तर हे झालंच नसतं.

उंबरठा:
@निरंजनी, याचं उत्तर मी देते, कारण मी त्या टोकाला राहते.

माझ्या मुलाला सहाव्या महिन्यात लसीनंतर फिट आली. अंगाच्या उजव्या बाजूला, ४० मिनिटं. ताप जेमतेम होता. पुढच्या महिन्यात कोमट पाण्याने अंघोळ घालताना आली, या वेळी डावीकडे. तोवर बाळ छान वाढत होतं, बसत होतं, हसत होतं. पहिले आठ महिने आम्हाला सगळीकडे हेच सांगितलं गेलं की तापाची फिट आहे, वयाबरोबर जाईल. एक औषध सुरू केलं, त्याने फिट वाढल्या. मी लसीला दोष देत होते, अंघोळीच्या पाण्याला देत होते, स्वतःला देत होते.

वर्षाचा झाल्यावर जनुकीय तपासणी झाली. एससीएन१ए. ड्राव्हे सिंड्रोम, म्हणजे बाळपणीच सुरू होणारा अवघड अपस्मार. शार्लोट ड्राव्हे या फ्रेंच डॉक्टरांनी १९७८ साली या आजाराचं वर्णन केलं आणि २००१ मध्ये त्याचं जनुक कळलं. आम्हा दोघांच्या रक्तात तो बदल नव्हता. तो माझ्या मुलातच नव्याने झाला होता, बहुतेक मुलांत तो असाच नव्याने होतो. बर्कोविक यांच्याच गटाने २००६ मध्ये "लसीमुळे मेंदूला इजा" असं निदान झालेल्या १४ जणांची तपासणी केली, त्यांतल्या ११ जणांत एससीएन१ए चा बदल निघाला. हे वाचलं तेव्हा मी जमिनीवर बसून रडले. लसीने ताप आणला, तापाने पहिली फिट लवकर दाखवली, पण आजार तिथे आधीपासूनच होता.

निदानाने काय बदललं तर औषध. सोडियमची दारं आणखी बंद करणारी काही अपस्माराची औषधं या मुलांना घातक ठरतात. आमच्या मुलाला तेच दिलं जात होतं. ते बंद करून दुसरं दिलं आणि फिट एकदम शून्यावर नाही, पण बऱ्याच कमी झाल्या.

@चांदणवेल, तुझ्या मुलाच्या वर्णनात मला यातलं काहीही दिसत नाही, आणि हे वाचून तू घाबरावंस म्हणून मी लिहिलेलं नाही. पण या धाग्यावर उद्या कुणी येईल जिच्या बाळाला वर्षाच्या आत लांबलेल्या, एका बाजूच्या, थोड्याशा तापात, पुन्हा पुन्हा फिट येतात. तिने तपासणीसाठी हट्ट धरावा.

निरंजनी:
उंबरठा, काय बोलू. तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा बहिणीला पाठवला आहे.

स्टेथो:
उंबरठा यांनी लिहिलंय ते प्रत्येक शिकाऊ डॉक्टरने वाचावं. निरंजनी, तुमच्या भाच्याची एकच फिट असेल, लहान आणि साधी, तर लसी थांबवण्याचं कारण नाही. गोवरासारख्या आजारात येणारा ताप लसीच्या तापापेक्षा कितीतरी जास्त असतो. बहिणीला डॉक्टरांशी बोलून राहिलेल्या लसींचा क्रम ठरवायला सांगा.

पायवाट:
मग प्रत्येक मुलाची जनुकीय तपासणी का करत नाहीत? एकदा केली की काळजी मिटली.

दुहेरी_सर्पिल:
कारण साध्या फिट असलेल्या मुलात ती बहुतेक वेळा काहीच ठोस सांगत नाही. वर म्हटले ते छोटे छोटे फरक अहवालात "दोष" म्हणून येत नाहीत. उलट कधीकधी असा बदल सापडतो ज्याचा अर्थ कुणालाच निश्चित सांगता येत नाही, आणि घरचे वर्षानुवर्षं तो कागद उराशी धरून बसतात. असे फोन मी घेतलेत. जिथे चित्र वेगळं आहे, उंबरठा यांच्यासारखं, किंवा घराण्यात तापाच्या फिटसोबत अपस्मारही पिढ्यान्‌पिढ्या दिसतो, तिथे तपासणी खरोखर दिशा देते.

कातरवेळ:
मी ४३ वर्षांचा. मला लहानपणी तापात पाच वेळा फिट आली होती. आईने मला मैदानी खेळ खेळू दिले नाहीत, शाळेच्या सहलीला पाठवलं नाही. कारण कधी सांगितलं नाही, मला वाटायचं मी मुळात कमजोर आहे. पस्तिशीत तिच्याकडून कळलं. तेव्हा तिला मी फक्त एवढंच विचारलं, "का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "लोक काय म्हणतील."

मुलांना सांगा, एवढीच विनंती. त्यांच्या मुलांच्या डॉक्टरांना हे लागणार आहे.

कंदील:
@कातरवेळ, आज मुलीला सांगितलं. तिने विचारलं, "मग मी तेव्हा शूर होते का?" हो म्हटलं.

आणि बुद्धीवर परिणाम होतो का ही भीती असणाऱ्यांसाठी: अमेरिकेत ७०च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तापाच्या फिट आलेल्या १,७०६ मुलांना सात वर्षांची होईपर्यंत तपासत राहिले होते. त्यांतल्या अनेकांची बुद्धिमापन चाचणी सख्ख्या भावंडांशी ताडून पाहिली, फरक आढळला नाही. हे मला आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि त्या रात्री मी पहिल्यांदा सलग झोपले.

नवबाबा:
आत्ता अर्ध्या तासापूर्वी दवाखान्यातून आलो. मुलगी ११ महिन्यांची, पहिली फिट. घरी सोडलंय. पुढे पुन्हा आली तर किती वेळ थांबायचं?

स्टेथो:
@नवबाबा, ५ मिनिटांच्या पुढे गेली, लगेच पुन्हा आली, फिट थांबल्यावर मुलगी शुद्धीवर येत नाही, श्वास नीट नाही, मान ताठ आहे किंवा खूप सुस्त आहे, तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठा. वर्षाच्या आत ताप आणि फिट एकत्र आले की मेंदूज्वर नाही ना हे डॉक्टरांनी तपासलेलंच हवं, तुमच्याकडे ते झालं असेल. पुढच्या वेळेसाठी फिट थांबवणाऱ्या मिडाझोलॅम या औषधाचा नाकात मारायचा फवारा घरी ठेवावा का, हे उद्या त्यांना विचारा. आणि आज रात्री आळीपाळीने झोपा, दोघंही जागू नका.

नवबाबा:
मान वगैरे सगळं तपासलं. आता झोपलीये. आभार.

चांदणवेल:
चार दिवसांनी लिहितेय. कातरवेळ यांचा प्रतिसाद मी नवऱ्याला वाचून दाखवला. तो काही न बोलता उठला आणि त्याच्या आत्याला फोन लावला. आत्या ७४ वर्षांच्या आहेत, त्याला लहानपणी त्यांनीच सांभाळलंय. त्याने सरळ विचारलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग म्हणाल्या, "तुला दोनदा झालं होतं रे. दीड-पावणेदोन वर्षांचा असशील. एकदा माझ्याच मांडीवर."

सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. मला वाटलं आता वाद होणार. त्या रडायला लागल्या. म्हणाल्या, तेव्हा त्यांना सगळ्यांनी सांगितलं होतं की तुझ्या माहेरचं आहे, म्हणून त्यांनी ते कुणाला कळू द्यायचं नाही असं ठरवलं. तीस वर्षं. त्यांच्या हातावर हात ठेवला तर त्यांनी तो सोडलाच नाही. मला त्यांच्यावर रागवायचं होतं, जमलं नाही.

डॉक्टर, आता वडील आणि भाऊ दोघंही. धाकटीचं गणित बदललं का?

स्टेथो:
शक्यता आधीपेक्षा थोडी वाढली, हो. तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: वडिलांना दोनदा, दुसऱ्या वर्षी, पुढे त्रास नाही, भावाला तीनदा, पहिली १४व्या महिन्यात, सर्व साध्या. वडिलांना पुढे काहीही झालं नाही ही यातली सर्वांत आश्वासक नोंद आहे, ती गाळू नका. तपासणीची गरज आज दिसत नाही. लसी वेळेवर द्या.

चांदणवेल:
लिहिलं. अक्षर सासूबाईंचं आहे, त्यांनी स्वतः मागून घेतलं. आणि "दोनदा" खोडून "तीनदा" केलं त्यांनी. तिसरी आत्यांनाही माहीत नव्हती.